फिरवलेला कौल

१

सकाळी साडेसातला कोपऱ्यावरच्या दुकानात बिनदुधाची कॉफी आणि नारळाचा गोड काया लावलेला पाव, आठ वाजता त्र्याऐंशी नंबरच्या दारात. गेले पाच आठवडे केंग हुआतचा हा नेम चुकला नव्हता. दारात म्हणायचं ते आपलं सवयीने. त्या दाराला आता घर उरलेलं नव्हतं. जॉर्ज टाउनमधल्या दिवेवाल्यांच्या गल्लीतल्या त्या जुन्या घराची फक्त पुढची भिंत उभी होती. निळसर चुन्याची भिंत, वर झडपांच्या चार खिडक्या, खाली येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाच फुटी पडवी, आणि मधोमध दोन फळ्यांचा जाड दरवाजा. मागचं सगळं पाडून तिथे हॉटेलच्या पायासाठी खड्डा खणला होता. भिंतीला आतल्या बाजूने लोखंडी टेकू दिले होते, आणि ती केसभर तरी कलते का, हे रोज बघायचं काम केंग हुआतचं होतं.

काम सोपं होतं. भेगांवर चिकटवलेल्या काचपट्ट्या तडकल्या का ते बघायचं, ओळंबा सोडायचा, आणि शेवटी कुलूप काढल्यावर दरवाजाला जे भोक राहिलं होतं त्यातून लेझरचं यंत्र आत रोखायचं. खड्ड्यात रोवलेल्या एका खांबावर पांढरी पाटी ठोकली होती, तिथपर्यंतचं अंतर रोज नऊ मीटर वीस यायचं. वहीत 'ठीक' लिहायचं आणि निघायचं.

त्या मंगळवारी आकडा आला एक्केचाळीस मीटर बासष्ट.

त्याने काच पुसली, पुन्हा रोखलं. एक्केचाळीस बासष्ट. यंत्र वळवून समोरच्या घड्याळवाल्याच्या भिंतीवर धरलं, तर आकडा बरोबर. मग त्याने भोकाला डोळा लावला. आत खड्डा होता, खड्ड्यात साचलेलं पाणी होतं, खांब होता, खांबावर पाटीही होती. किरण पाटीला चुकवून पलीकडे गेला म्हणावं, तर पलीकडचं पत्र्याचं कुंपण सत्तेचाळीस मीटरवर होतं.

बासष्ट हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. घर पाडण्याआधी त्यानेच त्याचा नकाशा काढला होता. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूपासून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत, एक्केचाळीस मीटर बासष्ट. खाली त्याचीच सही होती.

त्याने वहीत लिहिलं, 'नऊ वीस. ठीक.' खोट्याची त्याला आता सवय लागली होती.

२

ती सवय कशी लागली तेही सांगायला हवं.

केंग हुआत जुन्या वास्तूंच्या मोजण्या करणारा, वारशाचा सल्लागार. शेहेचाळीस वर्षांचा, एकटा, कामाचा पक्का. मालकाला घर पाडून हॉटेल बांधायचं होतं, आणि जुन्या वास्तू जपणाऱ्यांना एक कौलही हलू द्यायचं नव्हतं. चार वर्षं दोन्हीकडून नुसती पत्रं आणि आरडाओरडा. तोवर पावसाने मागची अर्धी छपरं खाली आणली. शेवटी केंग हुआतने मधला मार्ग काढला: पुढची भिंत राखायची, जमिनीच्या फरश्या काढून हॉटेलात वापरायच्या, मागे बांधकाम करू द्यायचं. वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'समतोल'. तो त्या शब्दावर महिनाभर खूश होता.

मंजुरीच्या कागदात त्याने स्वतःच्या अकलेने तिसरी एक अट घातली होती. घरातल्या पितरांच्या पाट्या, म्हणजे ज्यांत त्यांचा वास असतो असं मानतात त्या नावांच्या लाकडी पाट्या, पितरांची संमती घेऊनच हलवाव्यात. परदेशी पाहुण्यांच्या परिषदेत त्याने ही अट वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. 'नुसत्या विटा नाहीत, श्रद्धाही जपतो आम्ही,' असं तो म्हणाला होता. स्वतःचा विश्वास त्याचा कशावर नव्हता. दुसऱ्याची श्रद्धा त्याच्या लेखी तक्त्यातला एक रकाना होती.

घरात राहणारं शेवटचं माणूस म्हणजे गोह सिउ लान. सबंध गल्ली तिला आ-को म्हणायची, आत्या. वय एक्क्याऐंशी. सत्तर वर्षं त्या घराच्या मागच्या चुलीवर तिने पोपियाच्या पातळ पोळ्या केल्या आणि पडवीत बसून विकल्या. घर सोडायला तिची ना नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, "मी भाडेकरू बाई, मालक म्हणेल तेव्हा उठेन. पण आईबाबांना आधी विचारा. ती येणार असतील तिथे मी येते."

विचारायच्या आदल्या आठवड्यात ती न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. शुश्रूषागृहातल्या खाटेवरून तिने केंग हुआतचा हात धरला.

"आ-हुआत, मला काही गुडघ्यावर बसता यायचं नाही. माझ्या वतीने तूच कौल घे. तू मोजणारा माणूस. तुझ्या हाताला खोट नाही."

३

कौल घ्यायचे लाकडी तुकडे दोन असतात. अर्ध्या चंद्राच्या आकाराचे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. हातात धरून प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर सोडायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. दोन्ही उताणे पडले तर पितर हसले, प्रश्न नीट विचार. दोन्ही पालथे पडले की नकार.

केंग हुआत दुपारी एकटाच गेला. चपला काढून मागच्या चौकाजवळच्या पाट्यांसमोर बसला, उदबत्ती लावली, आ-कोने घोकवून घेतलं होतं तसं तिचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि विचारलं, "कुळाच्या मंदिरात नवी जागा केली आहे. याल का?"

दोन्ही पालथे पडले.

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा पालथे. तिसऱ्यांदा टाकताना त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरलाय. तिसऱ्यांदाही पालथेच.

घर पाडणारी टोळी दोन दिवसांनी यायची होती. नकार सांगितला की तिसरी अट मोडणार, अट मोडली की मंजुरी रद्द, आणि मंजुरी रद्द झाली की मालक सगळंच सडू देणार, पुढच्या भिंतीसकट. हे सगळं खरं होतं. ते खरं होतं याचंच त्याला पुढे जास्त वाईट वाटत राहिलं, कारण खऱ्याच्या आड लपता येतं. लाकडाचे दोन तुकडे, शंभर वर्षांची भिंत. त्याने मनात तराजू धरला.

मग त्याने बसल्या बसल्या उजवा पाय पुढे केला आणि अंगठ्याने एक तुकडा उलटवला. फोनवर फोटो काढला आणि शुश्रूषागृहातल्या नर्सला पाठवला. संध्याकाळी पाट्या लाल कापडात गुंडाळून, छत्री धरून, वाटेतल्या प्रत्येक चौकात 'आता वळतोय, आता पूल आला' असं रीतसर सांगत मंदिरात नेल्या. रीत त्याने एकही सोडली नाही.

४

बुधवारी आकडा आला तेहतीस चाळीस.

गुरुवारी सव्वीस दहा. शुक्रवारी एकोणीस पाच.

घरी जाऊन त्याने जुना नकाशा टेबलावर पसरला आणि पट्टी लावली. एक्केचाळीस बासष्टला भिंत होती हे त्याला पाठच होतं. पण तेहतीस चाळीसला भिंत नव्हती, खांब नव्हता, जिनाही नव्हता. तिथे जेवणघराची मोकळी जमीन होती. सव्वीस दहाला पाट्यांसमोरची मोकळी जागा. एकोणीस पाचला दोन चौकांच्या मधली वाट. किरण अडायला तिथे काहीतरी उभं हवं.

शनिवारी त्याने यंत्र दुकानात देऊन तपासून घेतलं. दुकानदाराने सांगितलं, काही बिघाड नाही, उगाच फेरा मारलात. मग त्याने बांधकामावरच्या कदिरेसनला बोलावलं. कदिरेसन तिथला मुकादम, जाडजूड, तोंडाने फटकळ, मनाने चांगला.

"बघ रे जरा. किती येतंय?"

कदिरेसनने यंत्र भोकाला लावलं. "बारा मीटर सत्तर."

"नऊ वीस यायला हवं."

"मग पाटी हलली असेल, बॉस. नाहीतर पाण्यावरून किरण उडत असेल. नाहीतर तुमचं लग्न करायला हवं. माणूस एकटा राहिला की असले आकडे दिसायला लागतात."

"पण तुलाही दिसला ना?"

"मी आकडा वाचला. त्याची काळजी करायचा पगार तुम्हाला," कदिरेसन म्हणाला आणि हसत निघाला. पडवीच्या टोकाला तो थांबला. "इथे कुणी पोपिया करतंय का हो? सकाळपासून तव्याचा वास मारतोय. पोरं कामं सोडून भुकेची बोंब मारतायत."

केंग हुआतला तो वास तीन दिवस येत होता. आपल्या मनाचे खेळ आहेत अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. पण कदिरेसनने काही खाल्लं नव्हतं आणि त्याला खवखवायचं कारण नव्हतं.

तो भोकाशी कान लावून उभा राहिला. गल्लीत स्कूटरी जात होत्या, कुणी रेडिओ लावला होता. त्या सगळ्याच्या खालून आतून एक आवाज आला. ओल्या स्वयंपाकघरात बायका घालतात तसल्या लाकडी खडावांचा, फरशीवर. एकच पाऊल. मग कितीतरी वेळ काही नाही. फरश्या तर त्याने स्वतः नंबर घालून पेट्यांत भरल्या होत्या.

५

रविवारी तो आ-कोकडे गेला. दर रविवारी जायचा, संत्री घेऊन. सांगून टाकायचं असं दर रविवारी ठरवायचा आणि संत्री सोलून परत यायचा.

तिने तो फोटो छापून घेतला होता आणि खाटेशेजारच्या भिंतीवर चिकटवला होता. एक उताणा, एक पालथा. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

"बस. सांग, मंदिरात चहा ठेवतात ना रोज?"

"ठेवतात, आ-को."

"आईला पहिल्या वाफेचा लागतो. निवलेला चालत नाही. बाबांचं काही नाही, ते काहीही पितात."

"सांगतो त्यांना."

ती खूप वाळली होती. नर्सने दारातच सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. आ-कोलाही ते ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"माझी पाटी रंगवायला टाकली का रे? सोनेरी अक्षरं नकोत, साधी काळी पुरे. बिनलग्नाच्या मुलीचं नाव आईबापाशेजारी लावत नाहीत आमच्यात. तिला कुठेतरी मागे, नाहीतर परक्या देवळात टाकतात. पण आई जाताना म्हणाली, तू माझ्याच शेजारी यायचंस, मी सरकून बसेन." ती तोंडाचं बोळकं उघडून हसली. "म्हणून म्हटलं, ती जिथे तिथे मी. उगाच चुकामूक नको. मेल्यावर कुणाला पत्ता विचारायचा?"

केंग हुआतच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण एका म्हातारीशी खोटं बोललो, फार तर लाकडाच्या तुकड्यांशी. पण मेल्यावर ही बाई मंदिरात जाणार आणि तिथे तिच्या ओळखीचं कुणी नसणार. ज्यांच्या भरवशावर ती इतकी निवांत पडली होती, ती माणसं तिथे गेलीच नव्हती.

"आ-को," तो म्हणाला.

"काय रे?"

"संत्रं गोड आहे का?"

"आंबट आहे. दर वेळी आंबटच आणतोस. पण आणतोस, हे काय थोडं आहे? सख्खे भाचे फिरकत नाहीत."

खाली रस्त्यावर आल्यावर त्याला इतकी लाज वाटली की त्याने बस सोडली आणि उन्हातून चालत घरी गेला. बसमध्ये माणसांसमोर बसायची त्याला हिंमत नव्हती.

६

सोमवारी आकडा होता चार मीटर तीस. मंगळवारी एक मीटर दहा.

बुधवारी त्याने यंत्र लावलं आणि आकडाच आला नाही. समोरचं काही काचेच्या अगदी लगत असलं की ते यंत्र नुसत्या रेघा दाखवतं. त्याने काचेवर बोट ठेवून पाहिलं, तेव्हा अशाच रेघा येतात. त्याने बोट काढलं. रेघा तशाच राहिल्या.

भोकाला डोळा लावायचं धैर्य त्याला झालं नाही. दरवाजाच्या फळीवर त्याने तळवा ठेवला. ऊन पलीकडून होतं, फळी तापायला हवी होती. ती गार होती. पलीकडून कुणी टेकलेलं असावं तशी ती जरा दाबल्यासारखी वाटली, किंवा त्याला वाटलं. वहीत त्याने काही लिहिलं नाही. सरळ शुश्रूषागृहात गेला.

"आ-को, कौल नकाराचा पडला होता."

तिने मान वळवून पाहिलं. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तो पुन्हा सांगणार, तोच तिने विचारलं, "किती वेळा?"

"तिन्ही वेळा."

"पालथे? हसले नाहीत?"

"पालथे."

"मग हा?" तिने भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी केली.

"मी उलटवला. पायाच्या अंगठ्याने."

ती फोटोकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं. "हाताने तरी उलटवायचास," ती शेवटी म्हणाली.

तो रडला. शेहेचाळीस वर्षांचा माणूस खाटेच्या कठड्याला धरून रडला. तिने त्याला गप्प केलं नाही, हातही फिरवला नाही.

"दार आहे ना अजून?"

"आहे. उद्या त्याच्यामागे काँक्रीट ओतून बुजवणार. हॉटेलचं दार बाजूने आहे. हे नुसतं दिसायला राहणार."

"तुझ्या सहीने?"

"माझ्या सहीने."

"मग उद्या त्याच्या आधी मला तिथे ने. आणि माझे कौल आण. या कपाटात आहेत, रुमालात."

७

चाकाच्या खुर्चीतून तिला पडवीत उतरवायला केंग हुआत आणि कदिरेसन दोघे लागले. सकाळचे नऊ वाजले होते. गल्लीत भाजीवाले ओरडत होते. काँक्रीट ओतण्यासाठी लागणाऱ्या फळ्या पडवीच्या कडेला रचून ठेवल्या होत्या.

आ-कोने दाराकडे पाहिलं आणि केस सारखे केले. "आई, मी सिउ लान," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "बाबा, मीच आले. तेव्हा हा पोरगा आला होता, याचं मनावर घेऊ नका. घर उरलं नाही आता. मंदिरात चला. मी पण येतेय मागून. चलाल का?"

तिने खुर्चीतूनच वाकून तुकडे सोडले. पालथे पडले. केंग हुआतने ते उचलून तिच्या हातात दिले. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा पालथे, आणि या वेळी एक तुकडा घरंगळत उंबऱ्याला जाऊन टेकला.

तो काढायला केंग हुआत गुडघ्यावर बसला आणि खाली वाकला. दाराखाली दोन बोटांची फट होती. तिच्यातून खड्ड्यातला उजेड दिसायला हवा होता. त्याला लाल फरशी दिसली, ओली, नुकती पुसल्यासारखी. आणि फरशीवर, दाराला अगदी लागून, पावलं. एका ओळीत, बोटं बाहेरच्या बाजूला. म्हाताऱ्या पुरुषाची अनवाणी, शेजारी एक जोडी लाकडी खडावांतली, पलीकडे आणखी, किती ते त्याने मोजलं नाही. मोजणं हाच ज्याचा धंदा, त्याने मोजलं नाही. खडावांच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. तो बघत असतानाच खडावा किंचित सरकल्या आणि ती जागा थोडी वाढली.

तो उठला. काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही, पण आ-को त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला सांगायची गरज उरली नसावी. तिने तुकडे घेतले, दोन्ही तळव्यांत धरले, आणि या वेळी प्रश्न इतक्या हळू विचारला की फक्त त्यालाच ऐकू गेला.

"मग मीच येऊ का आत?"

एक उताणा पडला, एक पालथा.

पालथा तुकडा केंग हुआतच्या पायापाशी होता. अंगठ्याने नुसता ढकलला असता तरी उलटला असता, आणि म्हातारी आणखी काही दिवस संत्री खात राहिली असती. त्याचा पाय पुढे गेलाही. मग त्याने तो मागे घेतला.

आ-कोने तुकड्यांकडे नीट पाहून घेतलं. "कदिर," ती म्हणाली, "हे बुजवायचं काम उद्या कर बाबा. आजचा दिवस दार असू दे."

"उद्या का, आ-को? माणसं येऊन बसलीत माझी."

ती केंग हुआतकडे पाहत राहिली. कदिरेसनही त्याच्याकडे पाहू लागला, कारण काम थांबवायचं तर सही त्याचीच लागायची.

"द्या कागद," केंग हुआत म्हणाला.

कदिरेसनने फळ्यांवरचा तक्ता पुढे केला. केंग हुआतने तारीख खोडून पुढच्या दिवसाची घातली, सही केली. खाली कारणाचा रकाना होता. तिथे लेखणी जराशी थांबली. पितर, कौल, पावलं, यातलं काहीच त्या रकान्यात बसण्यासारखं नव्हतं. मग त्याने लिहिलं, 'घरातलं एक माणूस यायचं आहे,' आणि कागद परत दिला.